कंडरा जुळते, पोटरी अडते

अकिलीस तुटलेला फुटबॉलपटू पूर्ण बरा होतो का? सर्जनला विचारा, फिजिओला विचारा, क्लबच्या मॅनेजरला विचारा आणि खुद्द खेळाडूला विचारा. चार उत्तरं मिळतील आणि चारही खरी असतील. सर्जनच्या लेखी कंडरा जुळली, जखम भरली, की काम झालं. फिजिओ सांगेल की अजून त्या एका पायाच्या चवड्यावर पुरतं उभं राहता येत नाही. मॅनेजरला पोरगा शनिवारी नव्वद मिनिटं काढेल का, एवढ्याशीच मतलब. आणि खेळाडूला पहिल्या दोन-चार धावांतच कळून चुकतं, की उभ्या जागेवरून निसटायचा तो जुना झटका परत आलाय की नाही. हे तो सहसा चारचौघांत बोलत नाही. करार नव्याने व्हायचा असतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या दुखापतीवर बरंच संशोधन झालंय आणि मोठमोठ्या खेळाडूंच्या कारकिर्दीही डोळ्यांसमोर आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत असं बनलंय, की बहुतेक जण मैदानात परततात, पाय मात्र पुरता पूर्वीचा होत नाही. ती तूट काहींच्या खेळात खपून जाते, काहींच्या खेळात उघडी पडते. यात वयाचा हात मोठा आहेच, पण तो खेळाडू त्या पायाकडून नेमकं काय काम करून घेत होता, याचाही तेवढाच.

पोटरीचे स्नायू खाली उतरता उतरता एका जाड पट्ट्यात मिळतात आणि तो पट्टा टाचेच्या हाडाला जाऊन चिकटतो. हीच अकिलीस कंडरा, शरीरातली सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत दणकट. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. म्हणजे ऐंशी किलोच्या खेळाडूच्या एका पावलाला अर्धा टन किंवा त्याहून जास्त. एवढी मजबूत चीज तुटते तेव्हा बहुतेकदा समोरच्याचा पाय लागलेलाही नसतो. खेळाडू उभ्या जागेवरून पुढे झेपावतो, किंवा मागे टाकलेला पाय रेटून दिशा बदलतो. गुडघा सरळ होत असतो, टाच खाली दाबली जात असते आणि पोटरी त्याच क्षणी आवळते. कंडरा दोन्हीकडून ताणली जाते ती तेव्हा.

१४ मार्च २०१० रोजी सान सिरोवर एसी मिलानचा किएवोशी सामना होता. खेळ संपायला थोडाच वेळ उरला असताना डेव्हिड बेकहॅमचा डावा पाय असाच गेला. टॅकल नाही, धक्का नाही. ज्यांची अकिलीस तुटली आहे असे बहुतेक लोक सांगतात, की मागून कुणीतरी पोटरीवर सणसणीत लाथ घातल्यासारखं वाटलं. ते मागे वळून पाहतात, तर मागे कुणीच नसतं. बेकहॅमला मैदानाबाहेर नेलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्याच दिवशी फिनलंडमधल्या तुर्कू शहरात साकारी ओरावा या सर्जनने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक हुकला. तो त्याचा चौथा ठरला असता. सूट घालून इंग्लंडच्या बाकावर बसणं तेवढं त्याच्या वाट्याला आलं.

निदानाला मोठं यंत्र लागत नाही. रुग्णाला पालथं झोपवायचं, पावलं टेबलाच्या कडेबाहेर लोंबती ठेवायची आणि पोटरी मुठीत धरून दाबायची. कंडरा शाबूत असेल तर पाऊल आपसूक खाली झुकतं. तुटली असेल तर पाऊल ढिम्म हलत नाही. थॉम्पसनची चाचणी म्हणतात ती हीच. अनुभवी बोटांना टाचेच्या वर चार-पाच सेंटिमीटरवर एक खळगाही लागतो. कंडरा बहुधा याच पट्ट्यात तुटते, कारण तिथला रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो.

कंडरेचं एक वैशिष्ट्य समजलं, की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. १९५०-६०च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सर्गी कार्बन एकदम वाढला आणि मग हळूहळू ओसरत गेला. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या शरीरात त्याची खूण राहिली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या अकिलीस कंडरांत ही खूण तपासली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापला. त्यांना आढळलं, की कंडरेचा गाभा साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास नव्याने बनतच नाही. त्याच माणसांच्या स्नायूंमध्ये मात्र सतत नवी भरती होत असल्याचं दिसलं. थोडक्यात, तिशीतला खेळाडू ज्या कंडरेवर धावतो ती त्याच्या शाळेच्या वयातली असते. ती तुटली की शरीर डागडुजी करतं, नवी विणत नाही. तुटलेल्या टोकांमध्ये आधी घाईघाईने कच्च्या प्रतीचे धागे भरले जातात. महिनोन्महिने ताण देत देत त्यांची मांडणी सुधारते, पण मूळचं सरळ, घट्ट विणकाम परत येत नाही. जुळलेली कंडरा कितीतरी वेळा मूळच्यापेक्षा जाडजूड दिसते. सॉक्स काढलेल्या माजी खेळाडूच्या टाचेवर ती गाठाळ जाडी सहज ओळखू येते. जाड आहे म्हणून पूर्वीइतकी चांगली आहे, असं मात्र नसतं.

आणि ती लांब झालेली असते. या दुखापतीत पुढे जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीपाशी येऊन ठेपतं, पण क्लबच्या पत्रकात त्याचा उल्लेखही सापडणार नाही. जुळताना, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, टोकं एकमेकांपासून थोडी सरकतात आणि कंडरा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने वाढते, कधी त्याहून जास्त. लांबलेल्या कंडरेची गत सैल पडलेल्या सायकलच्या चेनसारखी होते. पायडल मारलं तरी पहिला जोर नुसता ढिलाई काढण्यात जातो. पोटरी आवळते, पण टाच पूर्वीइतकी वर उचलली जात नाही. स्वीडनमध्ये कारीन ग्रेवारे सिल्बेरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना एका पायाच्या चवड्यावर उभं करून टाच किती वर जाते, किती वेळा जाते, हे मोजलं. कंडरा जितकी लांबलेली, तितकी टाच खाली राहणारी, असा सरळ संबंध त्यांना दिसला. स्वीडनमध्येच पुढे सात वर्षांनी रुग्णांना पुन्हा तपासलं, तेव्हाही दुखऱ्या बाजूची पोटरी चांगल्या बाजूच्या मागेच होती. पहिल्या वर्षभरात जे भरून येतं ते येतं. त्यानंतरची सुधारणा फारच किरकोळ असते.

चवड्यावरच्या या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरांना फुटबॉलमध्ये मोठी किंमत आहे. चालताना त्यांचं काम नाही, जॉगिंगला फारसं नाही. हेडरला उंच उडी मारताना, पहिल्या तीन पावलांत बचावपटूला मागे टाकताना, किंवा पूर्ण वेगात असताना अचानक आत वळताना ते लागतात. म्हणूनच सर्जन आणि फिजिओ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

शस्त्रक्रिया करावी की बुटात पाय बांधून नुसता सांभाळावा, हा वाद डॉक्टरांत जुना आहे. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या पाचशेहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एका गटावर शस्त्रक्रिया नाही, दुसऱ्यावर उघडी शस्त्रक्रिया, तिसऱ्यावर छोट्या छेदाची. वर्षभराने तिन्ही गटांची प्रकृती जवळपास सारखीच निघाली. फरक दोन ठिकाणी पडला. शस्त्रक्रिया न केलेल्यांत कंडरा पुन्हा तुटण्याचं प्रमाण ६.२ टक्के होतं, शस्त्रक्रिया केलेल्या दोन्ही गटांत ०.६ टक्के. उलट शस्त्रक्रियेत, आणि त्यातही छोट्या छेदाच्या, मज्जातंतूला इजा होण्याचा धोका जास्त होता. ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसासाठी हा निर्णय खरोखर दोन्हीकडे झुकू शकतो. व्यावसायिक फुटबॉलपटूच्या बाबतीत चर्चा फार लांबत नाही. पुन्हा तुटली तर कारकीर्द संपायची भीती, म्हणून जवळपास सगळे टेबलावर जातात. टाके कसे घालायचे यापेक्षा कंडरेची लांबी किती राखायची, यात आता चांगल्या सर्जनचं कसब पाहिलं जातं.

आता आकडे. फुटबॉलपुरता सगळ्यांत उपयोगी अभ्यास इटलीतल्या अल्बर्टो ग्रासी आणि सहकाऱ्यांचा आहे. २०२० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये तो छापून आला. अकिलीस तुटून शस्त्रक्रिया झालेल्या ११८ व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा त्यांनी पाठपुरावा केला. त्यातले ९६ टक्के पूर्ण सरावाला परतले, सरासरी १९९ दिवसांनी. प्रत्यक्ष स्पर्धात्मक सामना खेळायला सरासरी २७४ दिवस लागले, म्हणजे नऊ महिने. दोन हंगामांनंतर ८२ टक्के खेळाडू पूर्वीच्याच पातळीवर खेळत होते. सुमारे ८ टक्क्यांची कंडरा पुन्हा तुटली. आणि तिशी ओलांडलेल्यांना खालच्या पातळीवर उतरावं लागण्याची शक्यता जास्त होती.

ब्याऐंशी टक्के हा आकडा ऐकायला छान आहे आणि वर्तमानपत्रांत तोच येतो. त्यात काय मोजलंय, तेही पाहायला हवं. खेळाडू पूर्वीच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये आहे का, एवढंच त्यातून कळतं. तो पूर्वीइतका जोरात धावतो का, किती मिनिटं खेळतो, विंगवर असलेला आता मध्यभागी सरकलाय का, हे त्यात येत नाही. उलट बाजूनेही न्याय करायला हवा. बत्तिसाव्या वर्षी अकिलीस तुटलेला बचावपटू दोन हंगामांनी खालच्या दर्जाच्या संघात दिसला, तर दोष दुखापतीचा की वयाचा? न तुटताही कित्येक जण चौतिसाव्या वर्षी खालीच उतरलेले असतात.

अमेरिकन फुटबॉलचं चित्र याहून कठोर आहे. २००९ मध्ये आलेल्या एनएफएलच्या एका अभ्यासात जवळपास एक तृतीयांश खेळाडू परतलेच नाहीत. परतलेल्यांपैकी धावणाऱ्या आणि चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. पुढे अमेरिकेतल्या चार मोठ्या व्यावसायिक लीगचा एकत्र अभ्यास झाला. त्यातही सुमारे ३० टक्के परतले नाहीत, आणि परतलेल्यांचा पहिला हंगाम पडेल गेला. दुसऱ्या हंगामापर्यंत मात्र ते आपापल्या बरोबरीच्या खेळाडूंच्या रांगेत आले. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीची सुरुवात उभ्या जागेवरून स्फोटासारखी होते. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांतला मोठा भाग चालणं, जॉगिंग आणि जागा घेणं यांत जातो. दोन्ही खेळांच्या आकड्यांतल्या तफावतीचं मोठं कारण मला हेच वाटतं.

म्हणून बेकहॅमचं उदाहरण सर्रास दिलं जातं, तेव्हा थोडं थांबून पाहावं. सहा महिन्यांत, सप्टेंबर २०१० मध्ये, तो एलए गॅलक्सीकडून पुन्हा उतरला. २०११ आणि २०१२ मध्ये संघाने लागोपाठ एमएलएस कप जिंकला. २०१३ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनबरोबर फ्रेंच लीगचं विजेतेपद घेऊन तो निवृत्त झाला. चौतिसाव्या वर्षी अकिलीस तुटलेल्या माणसाने याहून काय करावं! पण बेकहॅम कधीच वेगावर जगणारा खेळाडू नव्हता. त्याची मिळकत उजव्या पायाच्या क्रॉसवर आणि लांब पासवर होती. डावा पाय त्यासाठी जमिनीवर घट्ट रोवावा लागे, त्याने कुणाला मागे टाकावं लागत नसे. लोथार मॅथ्यूसचंही तेच. जानेवारी १९९५ मध्ये, ३३ वर्षांचा असताना त्याची अकिलीस तुटली. पुढे तो १९९८चा विश्वचषक खेळला आणि १९९९ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, जर्मनीचा वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. तोवर तो बचावफळीच्या मागे राहून खेळ वाचणारा लिबेरो झाला होता. त्या जागेवर डोकं धावतं.

वेग आणि उडीवर जगणाऱ्यांकडे वळलं की गोष्टी गुंतागुंतीच्या होतात. ख्रिश्चन बेन्टेके हा अॅस्टन व्हिलाचा उंच, दांडगा स्ट्रायकर. एप्रिल २०१४ मध्ये सरावात त्याची अकिलीस गेली आणि बेल्जियमबरोबर ब्राझीलला जायचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये तो परतला. त्या हंगामात त्याने लीगमध्ये १३ गोल केले आणि पुढच्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने त्याच्यासाठी सव्वातीन कोटी पौंड मोजले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तो २३ गोल करून एमएलएसचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, आणि त्याची खरी ताकद तेव्हाही हवेतल्या चेंडूवरच होती. पोटरीची तूट उडीवर हमखास दिसते, असं म्हणणाऱ्यांपुढे बेन्टेके हा मोठा प्रश्न आहे. तेविसाव्या वर्षी तुटली आणि एकदाच तुटली, यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नाही.

चेल्सीची २०१९ची जोडी जास्त बोलकी आहे. २२ एप्रिलला बर्नलीविरुद्ध कॅलम हडसन-ओडॉयची अकिलीस तुटली. तीन आठवड्यांनी, १५ मे रोजी, अमेरिकेत बोस्टनजवळ एका मदतनिधी सामन्यात रुबेन लॉफ्टस-चीकची तुटली. युरोपा लीगचा अंतिम सामना दोन आठवड्यांवर असताना हंगामाच्या शेवटी थकलेल्या संघाला अटलांटिकपार नेण्याची गरज होती का, यावर तेव्हाही बरीच टीका झाली आणि ती रास्तच होती. हडसन-ओडॉय १८ वर्षांचा. त्याआधीच्या जानेवारीत बायर्न म्युनिक त्याच्या मागे लागलं होतं, मार्चमध्ये इंग्लंडकडून पदार्पण झालं होतं. कोवळं वय, त्यामुळे तो पाच महिन्यांत, सप्टेंबरमध्ये मैदानात दिसला. लॉफ्टस-चीकने त्या हंगामात दहा गोल केले होते, त्याला जून २०२० उजाडला. मधली कोविडची सुट्टी धरून तेरा महिने.

पाच महिने विरुद्ध तेरा महिने, आणि पुढचा प्रवास? हडसन-ओडॉय चेल्सीत पूर्वीच्या वळणावर कधी आलाच नाही. लेव्हरकुसेनला उसना गेला, मग नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला गेला. तिथे मात्र तो बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये अॅनफिल्डवर लिव्हरपूलला हरवणारा एकमेव गोल त्याचाच. लॉफ्टस-चीकही चेल्सीत कोपऱ्यात गेला, फुलहॅमला उसना राहिला, २०२३ मध्ये एसी मिलानला गेला आणि २०२५ मध्ये, जवळपास सात वर्षांनी, पुन्हा इंग्लंडच्या संघात आला. ग्रासींच्या तक्त्यात हे दोघंही बहुधा 'परतले' या रकान्यात बसतील. चाहत्याला विचाराल तर तो म्हणेल, २०१९च्या वसंतात जे दोन पोरगे पाहिले ते पुन्हा दिसले नाहीत. तक्ताही चुकीचा नाही आणि चाहताही. आणि यात अकिलीसचा वाटा किती, मॅनेजर बदलत राहिल्याचा किती, विशीतल्या आत्मविश्वासाला गेलेल्या तड्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

इटलीचा लिओनार्दो स्पिनाझोला जुलै २०२१ मध्ये म्युनिकला बेल्जियमविरुद्ध पडला, तेव्हा तो त्या युरो स्पर्धेतला सर्वोत्तम डावा बॅक होता, यावर फारसं दुमत नसावं. वेम्बलीवर पदक घ्यायला तो कुबड्यांवर उड्या मारत गेला. मैदानात परतायला दहा महिने लागले. इटलीच्या संघातही तो पुन्हा आला, २०२५ मध्ये नापोलीबरोबर लीग जिंकला. एक चांगला, समजूतदार बॅक. पण डाव्या कडेने एकामागून एक बचावपटू फोडत जाणारा, २०२१चा तो बॅक त्यानंतर क्वचितच दिसला. प्रेस्नेल किम्पेम्बेच्या नशिबी तेवढंही नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मार्सेयविरुद्ध त्याची अकिलीस गेली, आणि पॅरिसकडून तो पुन्हा खेळला थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये. विश्वविजेता बचावपटू, वय सत्तावीस ते एकोणतीसची ऐन वर्षं, आणि हिशेबात शून्य सामने. त्याच वर्षी तो कतारला गेला.

या दुखापतीचा संशय दुखापतीपेक्षा जास्त टिकतो, त्याचा नमुना म्हणजे याप स्टाम. मँचेस्टर युनायटेडचा हा धिप्पाड डच बचावपटू २०००-०१च्या हंगामात अकिलीसच्या शस्त्रक्रियेनंतर परतला होता. त्याचा वेग जरा उतरलाय असं सर अलेक्स फर्ग्युसन यांना वाटलं. एकोणतीस वर्षांच्या बचावपटूला लाझिओकडून दीड कोटी पौंडांहून जास्त मिळत होते, तेव्हा त्यांनी तो विकून टाकला. त्याच सुमारास स्टामच्या आत्मचरित्रावरून वादळ उठलं होतं, त्यामुळे लोकांनी कारण तिथे शोधलं. पुढे स्टाम इटलीत वर्षानुवर्षं उत्तम खेळला, २००५चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना एसी मिलानकडून खेळला, आणि त्याला विकणं ही आपली चूक होती, असं फर्ग्युसन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं. अकिलीसनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतला खेळाडू पाहून त्याच्या पुढच्या पाच वर्षांचा भाव ठरवू नये, एवढं तरी यातून क्लबांनी घ्यायला हरकत नव्हती. दुसऱ्या हंगामात सुधारणा होते, हे अमेरिकेतले आकडेही सांगतातच.

आणि सान्ती काझोर्ला. हे प्रकरण कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून लुडोगोरेट्सविरुद्ध खेळताना तो लंगडत बाहेर गेला. घोट्याचं दुखणं जुनं होतं. शस्त्रक्रिया झाली, जखम भरेना, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा टाके उसवले. आत जंतुसंसर्ग होऊन मांस सडत होतं आणि जंतू कंडरा खात होते. स्पेनमधल्या व्हितोरियाच्या डॉक्टरांनी पाय उघडला तेव्हा अकिलीसचे सुमारे आठ सेंटिमीटर नाहीसे झाले होते. मुलाबरोबर बागेत चालता आलं तरी समाधान माना, असं त्याला सांगण्यात आलं होतं. कंडरा नव्याने उभी करावी लागली, आणि घोट्यावरची कातडी झाकायला हातावरची कातडी लावली. त्या हातावर मुलीच्या नावाचं गोंदण होतं, त्याचा तुकडा आज घोट्यावर आहे. छायाचित्रांत ती अक्षरं वाचता येतात.

२०१८ मध्ये तो व्हियारेआलकडून खेळला. २०१९ मध्ये स्पेनच्या संघात परतला. कतारमध्ये तीन वर्षं काढून २०२३ मध्ये लहानपणीच्या रेआल ओव्हिएदो क्लबात आला. जून २०२५ मध्ये ओव्हिएदोने मिरान्देसला हरवून चोवीस वर्षांनी पहिली श्रेणी गाठली, तेव्हा निर्णायक सामन्यात चाळीस वर्षांच्या काझोर्लाने पेनल्टीवर गोल केला. हा माणूस पूर्ण बरा झाला का? पाय पाहिला तर नाही म्हणावं लागेल. तो दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने खेळतो, वळण्यापूर्वी पाहून ठेवतो, चेंडू एका स्पर्शात सोडतो. पोटरीवर ज्याचा खेळ सगळ्यांत कमी अवलंबून होता, अशाच माणसाची पोटरी गेली, हे त्यातल्या त्यात नशीब.

इथवर तुटण्याबद्दल बोललो, पण अकिलीसच्या दुखापतींत तुटणं अपवादानेच होतं. युएफाने २००१ पासून बड्या क्लबांच्या दुखापती मोजायला घेतल्या. त्यातल्या अकरा हंगामांच्या नोंदीत अकिलीसच्या २०३ दुखापती आढळल्या, आणि त्यातल्या फक्त नऊ अर्धवट किंवा पूर्ण तुटण्याच्या होत्या. बाकी सगळं कंडरेचं जुनाट दुखणं. सकाळी अंथरुणातून उठताना टाच आखडलेली, दहा पावलं टाकली की सैल, सामन्यात गायब, रात्री पुन्हा ठणका. अशा दुखण्यात सरासरी तेवीस दिवस जातात, तुटल्यावर एकशे एकसष्ट. पण चारांतल्या एकाला ते पुन्हा उलटतं, आणि दहा दिवसांच्या आत मैदानात परतलेल्यांमध्ये उलटण्याचं प्रमाण ३१ टक्के होतं, थांबलेल्यांमध्ये १३. इतका साधा धडा दर हंगामात कुणी ना कुणी नव्याने शिकतंच.

लॉरां कोसिएल्नी कित्येक वर्षं असंच दुखणं सांभाळत आर्सेनलच्या बचावात उभा होता. मे २०१८ मध्ये अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध ती कंडरा अखेर तुटली. दोन महिन्यांनी फ्रान्स त्याच्याविना विश्वविजेता झाला. दुखापतीपेक्षा त्या विजयाने आपल्याला जास्त त्रास दिला, असं त्याने नंतर एका मुलाखतीत कबूल केलं, आणि त्याबद्दल त्याला नावंही ठेवली गेली. मला ते कबूल करणं फार प्रामाणिक वाटतं. डिसेंबरमध्ये तो परतला, पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्सला निघून गेला.

या जुनाट दुखण्यावरचा आजचा मुख्य उपाय गंमतीशीर वाटेने सापडला. स्वीडनच्या उमेओतले सर्जन होकान आल्फ्रेडसन यांची स्वतःची अकिलीस दुखत असे. शस्त्रक्रिया करण्याइतकी ती वाईट नाही, असं वरिष्ठांनी सांगितलं. तेव्हा ती वाईट व्हावी म्हणून ते पायरीच्या कडेवर उभं राहून, दुखत असतानाच टाच खाली सोडण्याचा व्यायाम करत सुटले. कंडरा बिघडायच्या ऐवजी बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी बारा आठवड्यांचा हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. रोज दोनदा, सरळ आणि वाकवलेल्या गुडघ्याने, पंधराचे तीन-तीन संच, म्हणजे दिवसाला १८० वेळा. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण कंडरेला विश्रांतीपेक्षा मोजूनमापून दिलेला ताण हवा असतो, हे तत्त्व तिथून रुळलं. उलटा पुरावा २०११ मध्ये अमेरिकेत मिळाला. मालक-खेळाडू वादात एनएफएलची दारं महिनोन्महिने बंद होती. ती उघडून सराव शिबिरं एकदम सुरू झाली आणि पहिल्या बारा दिवसांत दहा जणांच्या अकिलीस तुटल्या.

पुरुष व्यावसायिक खेळाडूंपलीकडे ही माहिती झपाट्याने विरळ होते. अमेरिकेची फुटबॉलपटू मेगन रॅपिनो हिची अकिलीस नोव्हेंबर २०२३ मध्ये, कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात, सुरुवातीच्याच मिनिटांत तुटली. तिला परतायचंच नव्हतं, म्हणून ती कुठल्याच टक्केवारीत आली नाही. स्त्री खेळाडूंच्या गुडघ्याच्या दुखापतींवर आता बरंच काम होतंय, अकिलीसवर तेवढं नाही.

आणि हौशी खेळाडू? अकिलीस सगळ्यांत जास्त तुटतात त्या तिशी-चाळिशीतल्या, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी जोरात खेळणाऱ्या पुरुषांच्या. मुंबई-पुण्यात रात्री दहानंतर भाड्याच्या टर्फवर पाच-पाच जणांचे सामने खेळणारा वर्ग नेमका हाच. छोटं मैदान, सतत थांबणं आणि झेपावणं, वॉर्मअप म्हणजे बुटाची नाडी बांधणं. त्यात आपल्याकडे आणखी एक भर असते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविकं कंडरा कमजोर करू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच त्यांच्यावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे ती पोटाच्या तक्रारीला आणि लघवीच्या संसर्गाला सर्रास दिली जातात. असा कोर्स चालू असताना किंवा नुकताच संपला असताना टर्फवर उतरू नये, आणि टाचेत दुखायला लागलं तर डॉक्टरांना त्या गोळ्यांचं नाव आठवणीने सांगावं. टाचेवर घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शनही याच यादीत येतं.

हौशी माणसाचं नुकसान बहुतेकदा निदानातच होतं. 'नस ताणली गेली' म्हणून बाम चोळला जातो, क्रेप बँडेज बांधलं जातं. बाकीचे स्नायू थोडंफार काम उचलतात, त्यामुळे माणूस लंगडत का होईना चालू शकतो, आणि चालता येतंय म्हणजे तुटलेली नाही अशी समजूत होते. चार-सहा आठवडे असेच गेले की टोकं लांब सरकतात आणि मध्ये चट्टा भरतो. मग साध्या टाक्यांवर भागत नाही, कधीकधी पायाच्या अंगठ्याची कंडरा वळवून तिथे जोडावी लागते. म्हणून पोटरीमागे लाथ बसल्यासारखं वाटलं आणि मागे कुणीच नसलं, तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन पालथं झोपावं आणि पोटरी दाबून घ्यावी. बुटात पाय गेल्यावर पहिले काही आठवडे पाऊल खाली झुकलेलंच ठेवायचं असतं. कंटाळून बूट काढून घरात चार पावलं टाकणं महागात पडतं, कारण कंडरा लांबते ती याच दिवसांत. बूट सुटल्यावर फिजिओकडे 'कधी धावू?' एवढंच न विचारता चांगल्या पायाच्या तुलनेत टाच किती उचलली जातेय, ते दर महिन्याला मोजून लिहून ठेवायला सांगावं. तो आकडा वाढत असेपर्यंत व्यायाम थांबवू नये. नऊ महिने लागले तर नऊ, वर्ष लागलं तर वर्ष.